थोडी हवा सोडून

टिक्-टिक्-टिक्-टिक्-टिक्.

सोलापुरातली उन्हाळ्याची दुपार म्हणजे घरादारानं धरलेलं मौनच. वीज गेलेली, कूलर मुका, खिडकीवर ओली करून टाकलेली चादर वाळत वाळत परत कडक व्हायला आलेली, आणि त्या मौनात हा एवढासा आवाज, कुणी बसून एकेक टाका उसवावा तसा. फरशीवर पदराची उशी करून आडव्या झालेल्या बजाबाईंनी डोळे न उघडताच बोटानं तीनदा टकटक केलं. “कृष्ण कृष्ण,” त्या पुटपुटल्या, आणि मग सुनेकडं कूस वळवून म्हणाल्या, “काय गं वैजू, काय चाललं होतं मनात? पाल चुकचुकली. खरं होतंय बघ आता ते.”

“काही नाही. मटकी,” वैजयंती म्हणाली. मांडीवरच्या ताटात मटकी होतीच, पण बोटं मघापासून तोच एक खडा इकडून तिकडं ढकलत होती. सकाळी आप्पांचा फोन आला होता. आप्पा म्हणजे तिचे वडील, उजनीच्या पाण्याकाठी केळी लावून राहिलेले. फोनवर ते मोजकंच बोलत, जणू बोललेल्या शब्दाचं वजन होतं आणि आडत कापली जायची. “पाणी लई खाली गेलंय पोरी. जुना रस्ता उघडा पडलाय. पार गावापत्तूर,” एवढंच म्हणाले आणि ठेवून दिला. गाव म्हणजे धरण झालं तेव्हा पाण्याखाली गेलेलं त्यांचं जुनं गाव. आप्पा त्या वेळी मिसरूड फुटलेले. नवं गाव वर काठावर वसलं, आणि जुनं खाली राहिलं, न मोडलेल्या झोपेसारखं. असं एखाद्याच वर्षी ते पांघरूण इतकं खाली सरकायचं. आणि सकाळपासून वैजयंतीच्या मनात एकच वाक्य घुटमळत होतं, जायला पाहिजे, पाणी परत वर यायच्या आत जायला पाहिजे, आणि त्याच्या पाठोपाठ दुसरं, कशावर? आता ते खरं होणार म्हणे. कुठलं, पहिलं की दुसरं, हे बजाबाईंना विचारावंसं वाटलं तिला, पण त्या परत घोरायला लागल्या होत्या.

पाल नव्हतीच ती. बोळात भिंतीला दोन हुकांवर तिची सायकल टांगलेली होती, आणि तिच्याखाली स्टूल ओढून त्यावर तिची साडेपाच वर्षांची लेक उभी होती. संस्कृती. हात वर करून पायडल उलटं फिरवत होती, आणि मागचं चाक टिकटिकत होतं. “आई, ही आतून बोलतीय,” ती कुजबुजली. वैजयंती दारात उभी राहिली. किती दिवसांनी ऐकला हा आवाज! पाय थांबवले, की सायकल हा आवाज करते. चढ संपला, आता तू काही करू नकोस, मी नेते, असं म्हणणारा. तो कानातून नाही आला, पोटऱ्यांतून वर आला. पहाटेचा गार वारा, तुळजापूरच्या रस्त्यावरचा तो पहिला लांबच लांब उतार, बोटाएवढ्या चाकांखाली रेशमासारखं सरकणारं डांबर, पुढं वाकलेली पाठ, आणि डोक्यात काही नाही. अगदी काही नाही. कॉलेजात असताना कुणाची तरी वापरलेली रेसची सायकल तिनं घेतली होती, आणि गल्लीत तिचं नावच ‘हेल्मेट’ पडलं होतं. ‘हेल्मेट आली का गं दळण न्यायला?’ लग्नात नवऱ्याच्या मित्रांनी अक्षता तिच्या डोक्यावर टाकायच्या आधी, टोपी घातलीय का बघा, असं ओरडून घेतलं होतं. तेव्हा रस्ता तिचा होता. तिचा म्हणजे, तिला कधी वाटलंच नव्हतं की तो कुणाचा असतो.

मग संस्कृती झाली. सहा-सात महिन्यांनी एका पहाटे ती पुन्हा निघाली होती, लेकीला पाजून, बजाबाईंच्या कुशीत सरकवून. मोहोळच्या बाजूला. रस्ता तोवर रुंद झाला होता, गाड्या शेजारून नुसत्या वाऱ्याच्या भिंतीसारख्या जात होत्या, पण भीती नाही वाटली तिला, उलट हसूच येत होतं. आणि एकाएकी, काही कारण नसताना, छाती भरून आली. खरोखरीची, दुधानं. कुर्ता भिजला. तिकडं लेक उठली असणार, हे तिला इतक्या मैलांवरून अंगानं कळलं, आणि तिनं सायकल वळवली. रडली-बिडली नाही. घरी येऊन पाजलं, सायकल पुसली, हुकाला लावली. उद्या जाऊ म्हणाली. त्या उद्याची पाच वर्षं कशी झाली हे काही दुःखानं सांगायची गोष्ट नाही. त्या वर्षांत तिला पुष्कळ काही मिळालं होतं. लेकीच्या टाचेचा वास, शिकवणीला येणाऱ्या पोरांची बडबड, आणि प्रश्न. संस्कृतीचे प्रश्न. “कूलरमधल्या पाण्याला थंडी वाजत नाही का?” “वाजते की. म्हणून तर कूलर थरथरतो.” “मुंग्या रविवारी काय करतात?” “आपल्याकडं पाहुण्या येतात.” विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायचंच, खरं नसलं तर रचून द्यायचं, पण रिकाम्या हातानं पोरीला परत पाठवायचं नाही, हा वैजयंतीचा नेम होता. कारण आप्पांकडं तिच्या लहानपणी सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर असायचं. “म्होरल्या साली.”

असाच एक उन्हाळा होता तो, पाणी खाली गेलेला. ती सहा वर्षांची असेल. आप्पांच्या काळ्या दांडग्या सायकलीच्या नळीवर टॉवेल गुंडाळून तिला बसवलं होतं, आणि आप्पा तिला जुन्या रस्त्यानं जुन्या गावाला घेऊन निघाले होते. मागून त्यांचा श्वास तिच्या टाळूवर पडत होता, तंबाखूचा, उबदार. अर्ध्या वाटेवर ओढ्यावरची फरशी, म्हणजे बसका दगडी पूल, आली, त्या फरशीवर गुडघाभर गाळ, आणि आप्पांची सायकल त्यात जी रुतली ती रुतलीच. “पुढं काय हाय आप्पा?” “पुडं गाव हाय.” “मग चला की.” “म्होरल्या साली.” पुढच्या साली पाणी खाली गेलंच नाही. नंतर जेव्हा गेलं तेव्हा तिची परीक्षा होती, मग लग्न, मग बाळंतपण. तिनं आयुष्यात एवढे रस्ते कापले, पण तो एक अर्धाच राहिला होता, तोंडातला घास अर्धा राहावा तसा. आणि आता तो उघडा पडला होता, आणि भिंतीवरची सायकल त्या भेगाळलेल्या, दगडगोट्यांच्या वाटेवर दहा पावलंसुद्धा गेली नसती. आप्पा चेष्टेनं म्हणायचेच, “तुजी ती सुतासारकी चाकं हितं न्हाय चालायची. हितं म्हशीचं पाय लागत्यात.”

तेव्हा म्हशीच्या पायांची सायकल घ्यायची, हे संध्याकाळी भाकऱ्या थापतानाच ठरलं. भिशीचा नंबर तिचा लागला होता. तेवढ्यातच बसवायचं, वर एक रुपया मागायचा नाही कुणाकडं. शिवराज, तिचा नवरा, कुर्डुवाडीला रेल्वेच्या कारखान्यात. रोजच्या गाडीनं जाऊन येऊन तो रात्री असा दिसायचा जणू गाडीच त्याच्यावरून येऊन-जाऊन करते. तो म्हणाला, “माउंटन बाईक? मग जुनी काढून टाकायची का?” वैजयंतीनं भाकरी फक्त जरा जोरात उलटली. “बरं बरं,” तो घाईनं म्हणाला, “राहू दे. भिंत कशी काय विकायची म्हणा.” बजाबाईंना मात्र नावच आधी कळेना, आणि कळलं तेव्हा त्या हसून हसून भिंतीला टेकल्या. “डोंगरावरची सायकल? अगं, हितं डोंगर कुठाय? सोलापुरात चढतो तो एकटा पारा!” आणि मग, पदरानं डोळे पुसत, “घे बाई घे. तसंही ती पाल चुकचुकलीच होती.”

नवी पेठेत सायकलीचं ते दुकान कापडाच्या दोन दुकानांमध्ये असं चिमटीत धरल्यासारखं होतं. मालक चन्नवीर, अक्कलकोटकडचा, कपाळावर विभूती आणि तोंडात साखर. “या अक्का या! कुणासाठी? मालकांसाठी का?” “माझ्यासाठी.” “मग ह्ये लेडीज घ्या की, पुढं टोपली येतीय, भाजी आणायला छलो.” “मला गाळातून जायचंय,” वैजयंती म्हणाली. चन्नवीरनं टोपलीवरचा हात काढला. त्याच्या दुकानात असं गिऱ्हाईक आलं नव्हतं. मग त्यानं एक लालभडक, काटेरी, मागंपुढं जाड स्प्रिंगा लावलेली सायकल ओढून काढली. “ह्ये बघा. डबल शॉकअप! खड्डा आला तर तुमाला कळणार पण नाही बघा.” तिनं बसून एकदाच पायडल दाबलं. सायकल खाली-वर झाली, बैल जू झटकून उभा राहतो तशी, आणि जागची हलली मात्र वीतभर. पायातलं बळ चाकाला पोचायच्या आधी स्प्रिंगच खात होती. आणि वजन! एका बोटावर सायकल उचलायची सवय असलेली ती, हिला उचलताना गॅसची टाकी उचलल्यासारखं वाटलं. “नको,” ती म्हणाली, “खड्डा कळला पाहिजे मला.” चन्नवीर म्हणाला, “बघा अक्का, लोक पैसे देतात न कळायला.”

असा तास गेला. मजा येत होती तिला, आणि मजा येतेय याचंच नवल वाटत होतं. किती दिवसांनी ती स्वतःसाठी वस्तू निवडत होती, फ्रॉक नाही, डबा नाही, पायपुसणं नाही. एकीची चाकं छान तर ब्रेक पत्र्याचे. दुसरीचे ब्रेक छान तर भिशीच्या कुंपणाबाहेर. हात मात्र जुन्या सवयीनं खाली, वळलेल्या हँडलच्या मुठी शोधत होते, आणि सापडत नव्हत्या, नव्या घरात दिव्याचं बटण सापडू नये तशा. मग कोपऱ्यात, रिकाम्या खोक्यांमागं, तिला एक शेवाळी रंगाची दिसली. गेल्या वर्षीची. बुटकी. शॉकअप पुढंच फक्त, गिअर मोजके, पण चाकं रुंद, म्हशीच्या खुरासारखी. “ती राहू द्या हो,” चन्नवीर म्हणाला, “लहान आहे म्हणून पोरं घेत नाहीत, आणि रंग म्हणजे बघा, डबक्यातल्यासारखा.” वैजयंती तिच्यावर बसली. पाय टेकले. हात पोचले. आतून काहीतरी ‘हां’ म्हणालं, साडी नेसताना शेवटची निरी बरोबर बसते तेव्हा म्हणतं तसं.

ती नवी पेठेत फिरवून बघायला निघाली, भर बाजारात, ओढणी कमरेला खोचून. रेसच्या सायकलवर मान खाली असायची. पुढचं हातभर डांबर, तेवढंच जग. हिच्यावर पाठ सरळ, आणि एकदम सगळं दिसायला लागलं: दुकानाबाहेर टांगलेल्या साड्या, सोनाराच्या पायरीवर चपला सांभाळत बसलेला म्हातारा, बांगड्या भरून घेताना डोळे मिटून घेतलेली नवरी. कुणाला तरी चुकवायला तिनं एका दुकानाच्या पायरीवर चाक चढवलं आणि उतरवलं, धप्प, आणि काही झालं नाही. तिला इतकं हसू आलं. एका रिक्षावाल्यानं मान बाहेर काढली. “ओ मॅडम, घाट तिकडं पुण्याला हाय!” “येतो की इकडं, बोलावलाय त्याला,” ती ओरडली. परत येऊन म्हणाली, “हीच.” आणि भिशीच्या कुंपणात थोडी जागा उरली होती, त्यात लेकीला पुढं बसायला एक पिटुकली गादी आणि पाय ठेवायला दांडी बसवून घेतली. “छलो अदरी, छान आहे,” चन्नवीर कसनुसं म्हणाला. डबकं विकलं गेल्याचा आनंद होता त्याला, आणि लालभडक राहिल्याचं दुःख.

पहिल्या पहाटे ती एकटीच विजापूर रस्त्यापलीकडच्या माळावर गेली. निघायच्या आधी भिंतीवरच्या सायकलीचा पंप काढून तिनं हवा भरली, भरली, अंगठा दाबला तर ठसा उमटू नये इतकी भरली. तिच्या बोटांना तेच माहीत होतं. चाक म्हणजे ताठ. ढिलं चाक म्हणजे आळस, म्हणजे रस्त्यानं आपल्याला मागं ओढणं. आणि माळावर शेवाळी सायकल कढईतल्या लाह्यांसारखी उडायला लागली. प्रत्येक गोटा मनगटात, मनगटातून दातांत. मुरमावर मागचं चाक सटकलं आणि वैजयंती अलगद, जणू कुणी हात धरून बसवावं तशी, कुसळांत बसली. शेरडं घेऊन निघालेली एक बाई थांबली. “पडायचंच हुतं तर चालत पडायचं की गं बाई,” ती म्हणाली, “सायकल कशाला घितली!” आणि हसत हसत शेरडं घेऊन गेली. वैजयंती कुसळं उपटत तशीच बसून राहिली. सूर्य माळाच्या कडेवर आला होता. डोंगर नव्हता कुठंच. नुसता उघडा, तांबूस, निवांत माळ, हात पसरून पडलेला. हिच्यात इतकी हवा कशाला भरलीस, असं तिला कुणीतरी विचारल्यासारखं वाटलं. कुणी नव्हतं. पाच वर्षं ती अशीच होती की काय, ठसा उमटू नये इतकी भरलेली; सगळ्यांना पुरायचं, कुठं कमी पडायचं नाही, प्रत्येक प्रश्नाला उत्तर. तिनं चाकाच्या तोंडाचं झाकण काढलं आणि नखानं दाबलं. फस्स. थोडी. अंगठ्यानं बघितलं. अजून थोडी. कणीक मळून झाली का बघताना दाबतो तितकं. तान्ह्या संस्कृतीची टाच दाबली की जेवढी आत जायची तितकं. मग ती बसली आणि निघाली, आणि चाकानं दगडाला उडवून लावलं नाही, पोटाशी घेतलं. मुरूम धरला. माळ खालून हळूहळू बोलायला लागला, खड्डा कळत होता, पण दुखत नव्हता. ती एकटीच मोठ्यानं “अगं आई गं!” म्हणाली, आनंदानं.

भिमा म्हणून आप्पांच्या गावचा एकजण केळी घेऊन टेम्पोनं सोलापूरला यायचा आणि रिकामा परत जायचा. त्याच्या टेम्पोत केळीच्या वाळल्या पानांवर सायकल निजली, पुढं या दोघी मायलेकी बसल्या, आणि दुपार कलताना पाण्याकाठी पोचल्या. पाणी कुठं गेलं होतं कुणास ठाऊक, पार लांब, चंदेरी रेघ होऊन. आप्पांनी आधी नातीचा मुका घेतला आणि मग सायकलभोवती एक चक्कर मारली, बैल बघावा तशी. अंगठा चाकावर दाबला. “हवा कमी हाय की गं.”

“कमीच ठेवलीय आप्पा.”

त्यांनी लेकीकडं जरा वेळ बघितलं. मग गादी हलवून बघितली. नळी तिरकी, त्यामुळं गादी मागं घसरत होती. “नळी बी उताराचीच केलीया त्यांनी,” म्हणत त्यांनी जुन्या ट्यूबची रबरी पट्टी आणली आणि दातांत धरून अशी आवळली की ती हलेना. “जा. मी बसतो हितं. गुडगं लई बोलत्यात आता.”

“आणि फरशीवर गाळ असला तर?”

“असंल की. तिला काय म्हाईत तू येणार हाईस म्हणून,” आप्पा म्हणाले.

जुना रस्ता होता. खरोखरच होता. दोन्ही बाजूंना झाडांचे काळे खुंट ओळीनं उभे, सावली नसलेले, तरी रांग न मोडलेले. भेगाळलेली जमीन, आणि टायरखाली बारक्या शिंपल्यांचा चुर्र चुर्र आवाज. संस्कृती नळीवरून प्रश्न टाकत होती आणि वैजयंती तिच्या टाळूवर श्वास सोडत उत्तरं देत होती. “शिंपले इथं कुणी सांडले?” “पाण्याचा खिसा फाटका होता.” आणि मग फरशी आली. बसकी, ओळखीची, लहानपणी वाटली होती त्याहून किती लहान. तिच्यावर गाळ, वरून वाळल्यासारखा, आतून लोण्यासारखा. वैजयंतीचे पाय क्षणभर थांबले. वळावं, असं अंगानं म्हणून बघितलं. अंगाला तेवढंच ठाऊक होतं, की इथून वळायचं असतं. तिनं गिअर हलका केला. “धर घट्ट,” म्हणाली. चाक आत गेलं, पसरलं, गाळाला चिकटून राहिलं, एकदा तिचा पाय खाली टेकला, घोट्यापर्यंत गार गार, आणि उचलला, आणि पुन्हा पायडल, अजून एक, अजून एक, संस्कृती किंचाळत होती, “चल चल चल!” आणि चाकाखाली अचानक घट्ट लागलं. पलीकडं.

वैजयंतीनं वळून बघितलं. लांब काठावर आप्पा उभे राहिले होते. गुडघे बोलत असूनही उभे. त्यांनी डोक्यावरचं मुंडासं काढून हलवलं.

गाव म्हणजे फार काही नव्हतं. जोती होती, घरांची, दगडी, चुलीएवढ्या उंचीची. एक उंबरा होता, त्याला दार नव्हतं. संस्कृती त्यातून आत गेली, बाहेर आली, पुन्हा आत गेली, “कोण आहे का घरात?” म्हणत. एक जातं पालथं पडलं होतं, त्याच्यावर त्या दोघी बसल्या आणि आजीनं दिलेली शेंगाचटणी आणि कडक भाकरी खाल्ली. रस्ता गावाशी थांबत नव्हता. गाव ओलांडून तसाच उतरत पाण्यापर्यंत जात होता आणि सरळ, न बुजता, पाण्यात शिरत होता. “पाणी आलं की हा रस्ता कुठं जातो?” संस्कृतीनं विचारलं. “कुठं जात नाही,” वैजयंती म्हणाली, “श्वास धरून पडून राहतो.” संस्कृतीनं लगेच नाक दाबून गाल फुगवले, आणि मग फस्सकन सोडून हसली.

परतायच्या आधी त्या उतारावरून दोघी निघाल्या, पाण्याच्या दिशेनं, थोडं पुढं जाऊन मग वळू म्हणून. ऊन नरम झालं होतं. लेकीच्या केसांना शेंगांचा, गाळाचा, घामाचा वास येत होता. पायडल मारायला लागेना. वैजयंतीनं पाय थांबवले, आणि सायकल बोलायला लागली. टिक्-टिक्-टिक्-टिक्. वारा कानांवरून गेला. समोर नुसतं चमकतं पाणी, वर आभाळ, मध्ये ही एवढी टाळू. भाकऱ्या नव्हत्या, शिकवणी नव्हती, उद्या नव्हता. ती निखळ रिकामी होती, त्या पहाटेच्या उतारावर असायची तशी, आणि तरी काठोकाठ.

संस्कृतीनं कान टवकारले. आजीसारखी मान तिरकी केली, आणि इवल्या बोटानं हँडलवर तीनदा टकटक केलं.

“किष्ण किष्ण,” ती गंभीरपणे म्हणाली. आणि मग मान मागं टाकून, उलट्या डोळ्यांनी आईचं तोंड बघत तिनं विचारलं, “आई, काय होतं गं आत्ता तुझ्या मनात?”